आमदारांनी बचाव पथकाचा आणि रस्त्याचा मुद्दा मांडलाय, निवेदनात आपण काय मागायचं?

सावित्रीकाठ

नमस्कार मंडळी,

आमच्या भागातल्या आमदारांनी अधिवेशनात दोन गोष्टी एका दमात मांडल्या. महाड-पोलादपूर पट्ट्याला बारमाही बचाव पथक हवं, ही पहिली. पावसाळ्यात घाट बंद झाले की पर्यायी रस्त्याचं आणि एसटीचं काय, हे सरकारने सांगावं, ही दुसरी. पक्ष आणि गट यांत मला शिरायचं नाही, म्हणून नाव घेत नाही. कृपया तुम्हीही घेऊ नका, नाहीतर धागा कुठे जाईल ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मला मोलाचं वाटलं ते हे, की दोन्ही मागण्या एकत्र मांडल्या गेल्या. आतापर्यंत पथकाची मागणी एकीकडे आणि रस्त्याची दुसरीकडे, असंच चालत आलं. आमच्याकडे या दोन्ही एकच आहेत.

22 जुलै 2021 आठवा. महाड तालुक्यातल्या तळीये गावावर संध्याकाळी दरड आली. त्या वेळी महाड शहर स्वतः पाण्यात, रस्त्यांवर जागोजागी दरडी, फोन बंद. महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिमी पाऊस पडला होता, ते सगळं पाणी आमच्या आणि चिपळूणच्या अंगावर उतरलं. मोठी मदत तळीयेला पोचायला दुसरा दिवस उजाडला. ऐंशीहून अधिक माणसं गेली.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला असते. नकाशात पाहिलं तर पुणे जिल्हा आम्हाला खेटून आहे. पण मध्ये सह्याद्री उभा. वरंध घाट गेली काही वर्षं पावसाळ्यात बंदच ठेवतात. आंबेनळीत दरडी. ताम्हिणीत कधी काय होईल सांगता येत नाही. राहिला मुंबई-गोवा महामार्ग, त्याची कहाणी नव्याने सांगायला नको. म्हणजे ज्या रात्री पथक लागतं नेमक्या त्याच रात्री रस्ता नसतो.

अलीकडे पावसाळ्यात एक तुकडी महाडला आणून ठेवतात, त्याचा खरंच आधार वाटतो. कायमच्या तळासाठी महाडच्या शासकीय दूध योजनेची जागा द्यायचा निर्णयही मंत्रिमंडळाने 2023 मध्ये घेतला. पण तेवढ्याने भागेल का?

गावोगावची काही मंडळी मिळून पुढच्या आठवड्यात आमदारांना निवेदन देणार आहोत. या भागात राहिलेल्या, प्रवास केलेल्या, मदतकार्यात गेलेल्या सगळ्यांना विचारतो, त्यात काय असायलाच हवं?

वाशिष्ठी

चिपळूणकडून पूर्ण पाठिंबा. आमच्याकडेही 22 जुलैच. पहाटे जाग आली ती खालच्या मजल्यावर भांडी तरंगल्याच्या आवाजाने.

बाहेरची पथकं येईपर्यंत माणसं काढली ती खाडीपट्ट्यातल्या होडीवाल्यांनी आणि ट्यूब घेऊन उतरलेल्या पोरांनी. आमच्या एसटी आगारात आगारप्रमुख आणि त्यांचे सहकारी बुडालेल्या बसच्या टपावर नऊ तास बसून होते, आगाराची 9 लाखांची रोकड जवळ धरून. ती बातमी तुम्ही सगळ्यांनी वाचली असेल. तेव्हा कौतुक झालं आणि व्हायलाच हवं होतं. पण मला तेव्हापासून एकच वाटतं, शहराच्या मध्यावर असलेल्या आगारातली माणसं नऊ तास टपावर राहतात, तर नदीकाठच्या एकट्या घरात अडकलेल्या म्हातारीला कोण विचारणार?

निवेदनात होड्या लिहाच. शहरात, वॉर्डावॉर्डात, पाणी चढतं तिथे ठेवलेल्या. तहसीलच्या गोदामात कुलपात ठेवलेल्या नकोत.

मनमौजी

निवेदनं देऊन थकलो आम्ही. फोटो निघतो, हार घातला जातो, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच निवेदन तारीख बदलून.

नियमावली

सावित्रीकाठ, एक तपशील हवा. आमदारांनी हे कोणत्या मार्गाने मांडलं? औचित्याचा मुद्दा, लक्षवेधी की तारांकित प्रश्न? त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

औचित्याच्या मुद्द्यात सदस्य विषय सभागृहाच्या कानावर घालतो. मंत्र्यांनी तिथेच उत्तर द्यायलाच हवं असं नसतं. लक्षवेधी सूचना स्वीकारली गेली तर मंत्र्याला निवेदन करावं लागतं, त्यावर प्रश्न विचारता येतात आणि उत्तर कार्यवृत्तात येतं. मंत्री "करू", "तीन महिन्यांत बैठक घेऊ" असं काही बोलले तर ते आश्वासन ठरतं आणि त्याचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. म्हणजे निव्वळ भाषण आणि पकडता येईल असं उत्तर यांत बरंच अंतर आहे.

मनमौजी, तुमचा वैताग समजतो. पण निवेदन दिल्यावर आपण पुढे काही मागतच नाही, हेही तितकंच खरं आहे.

सावित्रीकाठ

औचित्याचा मुद्दा होता. दोन-तीन मिनिटं बोलले, पण मुद्द्याचं बोलले.

नियमावली

मग निवेदनातली पहिली मागणी हीच लिहा, की पुढच्या अधिवेशनात यावर लक्षवेधी द्या. आणि प्रश्न नेमके लिहून द्या. "बचाव यंत्रणा सक्षम करावी" या वाक्याला "कार्यवाही सुरू आहे" एवढं उत्तर पुरतं. "पोलादपूर तालुक्यात प्रशिक्षित माणसं किती, दोर किती, स्ट्रेचर कुठे ठेवले आहेत, रात्री कुलूप कोण उघडतो" असं विचारलं की कुणालातरी जाऊन मोजावं लागतं.

घाटवाट

बऱ्याच वर्षांपासून दरीतल्या मदतकार्याला जातो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आंबेनळी घाट, 28 जुलै 2018. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या मंडळींची बस दाभिळ टोकाजवळ दरीत गेली. 34 पैकी 33 गेले. वाचलेला एकच माणूस दरी चढून वर आला, म्हणून जगाला कळलं. खाली उतरून काम सुरू केलं ते महाबळेश्वर, पोलादपूर, महाडच्या ट्रेकर पोरांनी आणि गावकऱ्यांनी. मग दलाचे जवान आले आणि सगळ्यांनी मिळून ते काम पुरं केलं. जवानांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण सह्याद्रीत कुठेही दुर्घटना होवो, पहिले दोन-तीन तास स्थानिकांचेच असतात. पथकाचा तळ महाडला झाला तरी आंबेनळीच्या वळणावर, धुक्यात, रात्री, आधी गावातलीच माणसं पोचणार. त्या माणसांसाठी निवेदनात काय आहे?

लोकांना वाटतं, दोर एकदा घेतला की झालं. तसं नसतं. दरीतून आलेला दोर चिखलाने भरलेला असतो. तो चिखल आत सुकला की त्याचे कण आतले धागे कापतात. म्हणून त्याच रात्री घरी येऊन दोर साध्या पाण्यात धुवायचा, उन्हात न टाकता सावलीत वाळवायचा, मग सगळा दोर वीतवीत बोटांतून सरकवून बघायचा. कुठे मऊ लागला, कुठे फुगवटा आला, बाहेरचं कवच सरकलं, तर तेवढा तुकडा कापून टाकायचा. मोठा झटका बसलेला दोर दिसायला कितीही चांगला असला तरी बाद. हे सगळं आमची पोरं स्वतःच्या खिशातून करतात. कुणी वेल्डर आहे, कुणी हॉटेलात कामाला, कुणी शेती करतो. मदतकार्याला गेला त्या दिवशीचा रोज बुडतो. वर त्याला काही झालं तर घरच्यांना काय मिळणार, याचं उत्तर नाही.

माझी मागणी सरळ आहे. साहित्याचा दरवर्षीचा खर्च, स्वयंसेवकांचा विमा आणि बुडालेल्या रोजाची भरपाई. 'आपदा मित्र' योजनेत बारा दिवसांचं प्रशिक्षण असतं, त्याचा चांगला उपयोग होतो. पण प्रशिक्षण झालेल्या पोराला पुढच्या पावसाळ्यात फोन कोण करतो? यादी तालुक्याला असते, घटना घाटात होते.

केशव_दापोली

घाटवाट, तुमच्या पोरांना आमच्या अख्ख्या दापोलीचा नमस्कार सांगा. त्या बसमधला प्रत्येक जण इथे कुणाचा तरी शेजारी होता, कुणाच्या तरी मुलाचा शिक्षक होता. तुम्ही लोक उतरला नसतात तर माणसं घरी आली नसती.

निवेदनात घाटातले कठडे लिहा. पावसाळ्याआधी नुसता चुना मारून होत नाहीत, वळणावर लोखंडी अडसर हवेत. बचावाची वेळच येऊ नये, यासाठीही पैसे मागा.

कोकणकडा_पुणे

+१ केशवदादा. एवढंच लिहायला आले.

तांबडी_गाडी

एसटीत वाहक म्हणून उभी नोकरी कोकणात केली. आता घरी आहे, म्हणून वेळ आहे.

2 ऑगस्ट 2016 ची रात्र आम्हा एसटीवाल्यांच्या मनातून जायची नाही. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली. दोन्ही गाड्या मुंबईकडे निघालेल्या. सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल पुरात गेला आणि अंधारात त्यांच्यापुढे रस्ता नव्हता. जवळच्या गॅरेजातल्या माणसाने धावपळ करून मागच्या गाड्या थांबवल्या, नाहीतर आणखी किती गेल्या असत्या कुणास ठाऊक. मृतदेह वाहत पार खाडीच्या मुखाशी, आंजर्ले, हरिहरेश्वरपर्यंत गेले.

तेव्हापासून मी एकच सांगतो. चालकाला पुढचा रस्ता कसा आहे, हे कळायला हवं. रात्री दोन वाजता समोर पाणी दिसतं. मागे चाळीस माणसं. पुढे जायचं की थांबायचं हे तो एकटा ठरवतो. थांबला तर प्रवासी ओरडतात, आगारात जाब द्यावा लागतो. गेला आणि काही झालं तर संपलंच. पाणी पुलाच्या अमुक खुणेवर आलं की गाडी थांबेल, आणि थांबवणाऱ्याला कुणीही बोलणार नाही, असा लेखी आदेश हवा. ती खूण पुलावर रंगवलेली हवी आणि रात्री बॅटरीच्या उजेडात दिसायला हवी.

दुसरं, मुक्कामाच्या गाड्या. घाटातल्या गावात रात्री मुक्कामाला गेलेली गाडी सकाळी पहिली बाहेर पडते. माळीण गाव दरडीखाली गेलंय हे 2014 ला बाहेरच्या जगाला कळलं ते सकाळी तिथे पोचलेल्या एसटीच्या चालकामुळे. आता मुक्कामाच्या गाड्या कमी-कमी होत चालल्यात. गाडी गेली की दवाखाना, शाळा, बाजार तर जातोच, पण गावात काय झालं हे सांगणारं माणूसही जातं. आमदारांनी रस्ता आणि बचाव एकत्र मांडलं ते म्हणूनच मला पटलं.

घाटवाट, तुमच्या पोरांचा विमा झालाच पाहिजे. पण क्रम विचाराल तर मी रस्ता आधी घेईन.

घाटवाट

काका, तुमच्याशी वाद नाही घालणार, पण क्रम लावलात की आमचा नंबर कायम शेवटचा येतो. रस्त्याला हजारो कोटी मिळतात, तरी तो पुरा होत नाही. आम्हाला लागतात ते त्यातल्या एका मोरीच्या खर्चाइतके. दोन्ही एकाच वेळी मागू या.

मनमौजी

तांबडी_गाडी, तुमचं लिखाण वाचून गप्प बसवेना, म्हणून परत आलो.

सावित्रीचा नवा पूल, काम सुरू झाल्यापासून किती दिवसांत झाला? 165. ऑगस्टमध्ये जुना गेला आणि 5 जून 2017 ला नव्यावरून वाहतूक सुरू. त्याच महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे. तीच माणसं, तीच खाती, तोच पाऊस. म्हणजे जमतं! माणसं मेल्यावर सगळ्या देशाचं लक्ष इथे होतं, म्हणून जमलं. माझा राग यावर आहे. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला, तेव्हा नशिबाने जीव गेले नाहीत, आणि चर्चा किती दिवस चालली ते आठवा.

निवेदनात 165 हा आकडा लिहाच. एकदा करून दाखवलंत, आता उरलेलं तशाच तारखा देऊन करा, असं.

वाशिष्ठी

मनमौजी, हे आवडलं. आता तुम्हीही सहीला या.

मनमौजी

येतो. हार मात्र आणू नका.

ग्रामीण_डॉक्टर

दरीतून वर आणलं म्हणजे माणूस वाचला, असं नव्हे. पुढचं मी बघते म्हणून सांगते.

जखमीला घाईघाईत दोघांनी हातपाय धरून उचललं आणि मानेला वा पाठीच्या कण्याला इजा असेल, तर त्या एका उचलण्यात तो जन्माचा अपंग होऊ शकतो. फळी, मानेचा पट्टा, एकाने डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरणं, "एक दोन तीन" म्हणून सगळ्यांनी एकदम उचलणं, एवढं प्रत्येक घाटातल्या गावात दहा-दहा जणांना शिकवता येतं. एका सकाळचं काम आहे. आमच्या भागातल्या एका आरोग्य केंद्रात आम्ही ते शिकवलं. सगळ्यांत पटकन शिकल्या त्या बचत गटातल्या बायका. निवेदनात त्यांचाही उल्लेख असू द्या, बचावाचं काम म्हणजे फक्त तरुण पोरं असं चित्र नको.

मग प्रश्न दवाखान्याचा. राज्यात 108 ची सेवा 2014 ला सुरू झाली ती 937 रुग्णवाहिका घेऊन, आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण डोक्याला मार लागलेल्या माणसाला मेंदूची शस्त्रक्रिया लागली की आमच्याकडून मुंबईच. रस्ता मोकळा असला तरी चार-पाच तास, गणपतीत तर विचारूच नका. रात्री रक्त कुठून आणायचं, भूलतज्ज्ञ कोण, हे प्रश्न रुग्णवाहिका कितीही वाढवल्या तरी उरतातच. महाड-माणगाव परिसरात चोवीस तास चालणारं अपघात उपचार केंद्र हवं, त्यात माणसं भरलेली हवीत. नुसती इमारत आणि फलक नको.

आणि एक, अपघातात मदत करायला लोक अजून घाबरतात, पोलिसांचं झंझट नको म्हणून. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 134अ आलं आहे. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, नाव सांगायची सक्तीही नाही. हे प्रत्येक धाब्यावर, पेट्रोल पंपावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून लावा. खर्च नगण्य.

दूरदेशी

मूळची महाडची, आता स्कॉटलंडमध्ये. इथल्या डोंगरातली बचाव पथकं स्वयंसेवकांचीच आहेत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. शिक्षक, सुतार, दुकानदार. कुणी अडकलं की फोन पोलिसांना जातो आणि पोलीस पथकाला बोलावतात, म्हणजे जबाबदारी सरकारी यंत्रणेची आणि काम स्वयंसेवकांचं. स्कॉटिश सरकार दरवर्षी अनुदान देतं, बाकी लोकांच्या देणग्या. घाटवाट म्हणतात ते अगदी बरोबर आहे. बोलावणारा एक ठरलेला, मागे अधिकृत आधार, पण पथक गावचंच.

घाटवाट

ताई, हेच तर सांगतोय. आपल्याकडेही पाया आहे. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर राज्यभरातल्या गिर्यारोहक संस्थांना जोडतं. लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स, ही सगळी मंडळी वर्षानुवर्षं हे करतात. फक्त 112 वर आलेला फोन त्यांच्यापर्यंत ठरलेल्या रीतीने जायला हवा. आज तो ओळखीने जातो. पोलीस निरीक्षक बदलून गेले की ओळखही जाते.

तुम्ही सुट्टीला याल तेव्हा चॉकलेटं नकोत, दोर आणा.

दूरदेशी

नक्की आणते. मापं कळवा.

रूळावरचा_पक्षी

रेल्वेबद्दल कुणीच कसं बोललं नाही? रस्ता बंद असला तरी कोकण रेल्वे बऱ्याचदा चालू असते. वीर, करंजाडी ही स्थानकं महाड तालुक्यातच आहेत. 2003 ला वैभववाडीजवळ आणि 2004 ला करंजाडीजवळ दरडीमुळे गाड्या घसरल्या, तेव्हापासून पावसाळी वेळापत्रक, गस्त, वेगमर्यादा हे सगळं रेल्वेने किती काटेकोर केलं ते बघा. रत्नागिरी आणि वेर्ण्याला वैद्यकीय मदतगाडी सज्ज असते. ती रेल्वे अपघातांसाठी आहे, मान्य. पण पुरात रस्ते तुटले असताना पथक, होड्या, औषधं रुळांवरून वीरपर्यंत आणायची आखणी आधीच कागदावर का नसावी?

तांबडी_गाडी

चांगला मुद्दा. फक्त वीर स्टेशनपासून महाडपर्यंतचा रस्ताही पाण्याखाली जात नाही ना, ते आधी बघायला हवं. शेवटचे दहा किलोमीटरच घात करतात.

रूळावरचा_पक्षी

काका, तिथे पुन्हा तुमची एसटीच लागणार.

भूगर्भ_वाचक

मला इथे थोडा वेगळा सूर लावायचा आहे. पथक, दोर, होड्या सगळं हवं. पण 2005 ला याच महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण इथे दरडी आल्या. 2014 माळीण. 2021 तळीये. 2023 ला खालापुरात इरशाळवाडी, 19 जुलैची रात्र, जिथे वर यंत्रं नेताच येत नव्हती आणि मदतीला चढणारा अग्निशमन दलाचा एक अधिकारी वाटेतच प्राण गमावून बसला. प्रत्येक वेळी आपण बचाव वाढवायचं बोलतो. दरडीखाली पंचवीस फूट माती असते, पहिल्या काही मिनिटांनंतर तिथे बचावासारखं फारसं उरत नाही. आमदारांनी खरं मागायला हवं ते धोकादायक वाड्यांचं वेळेत पुनर्वसन.

सावित्रीकाठ

तुमचं म्हणणं नाकारता येत नाही. पण आमच्या वाड्यांत बसून विचारा. माणसं जागा सोडायला का तयार नसतात? वरकस जमीन, गुरं, काजू, देवस्थान सगळं तिथेच. नवीन घर मिळतं खाली रस्त्याला, आणि शेत राहतं वर. तळीयेत म्हाडाने घरं बांधली, गोठ्याचं काय, हा प्रश्न लोक विचारत राहिले. पुनर्वसन मागायलाच हवं, ते होईस्तोवर दर पावसाळ्यात काही आठवडे तात्पुरतं हलवण्याची नीट सोयही हवी. शाळेच्या एका खोलीत चाळीस माणसं आणि एक संडास, अशी नको. तिथून लोक दुसऱ्या दिवशी परत जातात, आणि जाणारच.

ग्रामीण_डॉक्टर

आणि गुरांची सोय. गुरं वर राहिली की घरातलं एक माणूस हमखास वर जातं. बहुतेक वेळा म्हातारं.

आजोळ_महाड

महाडच्या पुराबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही. आमचा पूर नुसता पावसाचा नसतो, भरतीचाही असतो. सावित्री, गांधारी, काळ, तिन्ही नद्यांचं पाणी खाली बाणकोटच्या खाडीत जायचं. उधाणाची भरती असली की पाणी उतरत नाही, तुंबून बाजारपेठेत शिरतं. माझे मामा दुकानात पंचांगाशेजारी भरती-ओहोटीचा तक्ता लावायचे. अष्टमी असली तर माल वर चढवायला वेळ आहे, अमावास्या-पौर्णिमा असली तर आधीच वर, असा त्यांचा हिशोब. त्या हिशोबाने त्यांचा माल वाचायचा.

आता नदीच्या पातळीचे आकडे मोबाइलवर येतात. महाडला साडेसहा मीटरला धोका पातळी, वगैरे. पण भरतीची वेळ, वरच्या खोऱ्यातला पाऊस आणि नदीची पातळी एकत्र करून "सुकट गल्लीत अंदाजे इतक्या वाजता पाणी येईल" असं सांगणारं कुणी नसतं. निवेदनात हे मागा. भोईघाटावरच्या जुन्या होडीवाल्यांना त्या कामात घ्या, त्यांना पाण्याची चाल माहीत आहे.

होड्यांचं वाशिष्ठी यांनी लिहिलंच आहे. मी एका सरकारी आवारात यंत्रावर चालणारी होडी पाहिली, ताडपत्रीखाली. ती शेवटची पाण्यात कधी उतरवली, असं विचारलं तर तिथे कुणालाच सांगता येईना. यंत्र महिन्यातून एकदा तरी चालवून बघायचं, पेट्रोल बदलायचं, याची नोंदवही हवी.

कोकणकडा_पुणे

मामांचा तक्ता फार आवडला. या धाग्यावर एवढी माहिती जमली आहे की निवेदन दोन पानांच्या पुढे जाईल अशी भीती वाटते. आमदार वाचतील का एवढं?

नियमावली

नाही वाचणार, आणि त्यांच्याकडे वेळ नसतो हे समजून घ्या. एक पान आमदारांना द्या, बाकी परिशिष्ट. आणि मागण्या वेगवेगळ्या दारांसाठी वेगळ्या करा, कारण सगळ्या एका आमदाराच्या हातात नाहीत. तळ आणि अपघात उपचार केंद्र हा राज्याचा निर्णय, त्याला लक्षवेधी. दोर, होड्या, प्रशिक्षण हे जिल्हा नियोजन समितीतून होऊ शकतं. तिथे पालकमंत्री अध्यक्ष असतात आणि आमदार बोलू शकतात. आमदारांचा स्वतःचा स्थानिक विकास निधी वर्षाला 5 कोटी असतो, त्यातून काय बसतं ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्या. एसटीच्या आदेशासाठी विभाग नियंत्रकांना वेगळं पत्र. महामार्ग केंद्राकडे, म्हणजे खासदारांना प्रत.

सावित्रीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून कच्चा मसुदा केला.

पहिल्या पानावर मी एकच मागणी ठेवली आहे: ज्या रात्री घाट आणि महामार्ग दोन्ही बंद असतील, त्या रात्री तालुका स्वतःच्या बळावर चोवीस तास काढू शकेल, अशी व्यवस्था. पथकाचा तळ, गावातली प्रशिक्षित माणसं, त्यांचा विमा आणि रोज, होड्या, फळी-स्ट्रेचर, भरतीसह पुराचा अंदाज, सगळं त्या एका मागणीखाली येतं. कारण आमच्यावर आलेली प्रत्येक मोठी रात्र तशीच होती. मनमौजींचा 165 चा आकडा दुसऱ्या परिच्छेदात आहे. पुनर्वसन आणि गुरांसह तात्पुरतं स्थलांतर यांना वेगळं पत्र, भूगर्भ_वाचक यांनी त्याचा मसुदा बघावा ही विनंती.

घाटवाट आणि तांबडी_गाडी काका, तुमचा क्रमाचा वाद मी सोडवलेला नाही. दोन्ही एकाच ओळीत लिहिलंय.

एक गोष्ट राहिली का, ते सांगा. सोमवारी छापायला देतोय.

केशव_दापोली

कठडे?

सावित्रीकाठ

आहेत. आंबेनळी, वरंध, दोन्ही घाटांची नावं घालून.

तांबडी_गाडी

साकव राहिले. वाड्यांना जोडणारे साकव पहिल्या पुरात जातात आणि मग रुग्णवाहिका मुख्य रस्त्याला उभी राहिली तरी माणूस झोळीत घालून ओढा ओलांडावा लागतो. महाड आणि पोलादपूर तालुक्यात मुक्कामाची गाडी कुठे-कुठे जात होती आणि आता कुठे जात नाही, त्याची यादी मी जुन्या सहकाऱ्यांकडून घेऊन रविवारपर्यंत देतो. त्याच गावांसमोर साकवांची अवस्था लिहून घ्या, ग्रामसेवकांकडे नोंद असते.

नियमावली

आणि आवक शाखेचा शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय कुठूनही उठू नका. त्या शिक्क्याचा क्रमांक इथे टाका, पुढचं पत्र मी लिहून देतो.